शिळ्या पाण्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. जुन्या पेटीला वय आणि नव्या जावयाला पगार विचारू नये. माझ्या पोटात एकदा एक अख्खा ओढा मुक्कामाला होता. खोटे वाटते? त्याआधी दातांची एक कवळी मुक्कामाला होती, तेही खोटेच वाटेल. मी थोडे फुगवून सांगते, हे मान्य. पण पाणी भरले की कुठलीही काच आतली वस्तू मोठीच दाखवते. त्यात माझा काय दोष?

मला एका काचवाल्याने घडवले. हिऱ्याच्या कणीने कर्रर्र करून त्याने जाड काच कापली, कडा घासल्या आणि काळ्या चिकट रबराने माझी चारी अंगे तळाशी जोडली. कोणा गिऱ्हाइकाला मासे पाळायचे होते. गळते का ते पाहायला काचवाल्याने मला काठोकाठ भरले, माझ्याभोवती बोट फिरवले, ‘कोरडी ठणठणीत!’ म्हणाला आणि ओतून टाकले. पाण्याची तेवढीच काय ती ओळख. गिऱ्हाईक काही परत आले नाही. म्हणतात, त्याने मांजर पाळले.

मग मला एका लाँड्रीच्या मालकाने नेले. त्यांना सगळे कडकभाऊ म्हणायचे. त्यांची खळ अशी कडक, की इस्त्री केलेला सदरा खुर्चीवर ठेवला तर आत माणूस नसतानाही तो ताठ बसून राहायचा. एकदा तर एक गिऱ्हाईक त्याच्याशी बराच वेळ बोलून गेले. भाऊंनी मला काउंटरवर ठेवले आणि लोकांच्या खिशात सापडलेल्या वस्तू माझ्यात ठेवू लागले. बटणे, किल्ल्या, एक शिट्टी, आणि ती कवळी. कवळी येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायची. लोक वाकून वाकून माझ्यात बघायचे. ‘काय चकचकीत ठेवलीय हो पेटी!’ म्हणायचे. भाऊ फुलून जायचे आणि फडके फिरवायचे. डाग म्हटला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. मी मात्र आत कोरडीच. मनात एकच विचार घोळत राही: ज्यासाठी आपल्याला घडवले, ते असते तरी कसे?

लाँड्रीच्या मागच्या खिडकीशी भाऊंची थोरली बहीण इस्त्री करायची. घरात सगळे तिला आत्या म्हणत, कारण भाऊंची मुलगी तिला तसे म्हणायची. मुलगी एवढीशी, गोल, आणि सदा प्रश्न विचारणारी; तिचे नाव पडले होते बटण. खिडकीखालून एक ओढा जायचा. वर तो दगडांत आटलेला, खाली एका नळकांड्यात शिरलेला. मधे खिडकीखाली तेवढा डोह. त्या डोहात बोटाच्या पेराएवढे मासे राहायचे. पाठ शेवाळी, आणि डोक्यावर पांढरे चमकते बटण टाचल्यासारखा ठिपका. ते दुकानात मिळत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

एके दिवशी मजुरांनी येऊन सांगितले, की ओढ्यात मोठा नळ घालायचा आहे. बांध घालून पाणी अडवणार, डोह कोरडा करणार.

“मग मासे कुठे जाणार?” बटणने विचारले.

“जातील कुठेतरी,” भाऊ म्हणाले.

“पाय आहेत का त्यांना?”

यावर भाऊंनी इस्त्री नसलेल्या सदऱ्यालाही घडी घातली. आत्याने इस्त्री उभी केली, काउंटरपाशी आली आणि माझ्यातली बटणे एका डब्यात ओतली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या काचेला घाम फुटला. शपथ!

मला वाटले, आता पाणी येणार आणि पाठोपाठ मासे. कसले काय! आत्याने मला मागच्या खोलीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी भक्कम टेबलावर बसवले. ओढ्यातली वाळू आणली, दोन दगड, थोडी पाणवनस्पती आणि मूठभर कुजकी पाने. नळाचे पाणी पिंपात उघडे ठेवून, त्यातल्या औषधाचा वास उडाल्यावर मगच माझ्यात ओतले. वर डोहातली एक कळशी.

“अगं ताई, लोक घाण बाहेर काढतात, तू घरात आणतेस!” भाऊ कळवळले.

“ही घाण नाही रे, विरजण आहे,” आत्या म्हणाली. “नवं पाणी कोरं असतं. माशांची घाण खाऊन टाकणारे बारीक जीव त्यात राहायला यायला वेळ लागतो. लहानपणी मी बरणीत मासे ठेवले होते, अगदी स्वच्छ पाण्यात. एक जगला नाही.”

“मला तर कुठलेच जीव दिसत नाहीत,” बटण काचेला नाक लावून म्हणाली.

“दुधात विरजण लावल्यावर तुला काय दिसतं?”

मग आम्ही वाट पाहिली. पाणी आधी गढूळ होते, मग निवळले. दगडांवर तपकिरी साय धरली. एक दिवस एक गोगलगाय माझ्या काचेवर चालत आली. कोणी आणली नव्हती, पानाला चिकटून फुकट आली होती. ती तळापासून वर चढेपर्यंत, सांगते तुम्हाला, दोन ऋतू बदलले. बरे, एक तरी बदलला असेल. मला रोज काहीतरी नवे कळत होते: पाण्याला वजन असते, मुळांना गुदगुल्या करता येतात आणि शांतता हिरवी असते.

बांध घालायच्या आदल्या दिवशी आत्या आणि बटण चहाच्या गाळण्या घेऊन डोहात उतरल्या. मासे मगात आले. तो मग तसाच माझ्या पाण्यात तरंगत ठेवला, त्यात माझे पाणी थोडे थोडे घातले, आणि मग ते हळूच आत आले. चमकते ठिपके माझ्यात इकडेतिकडे फिरू लागले. हे मासे उड्या मारण्यात पटाईत, म्हणून आत्याने माझ्यावर कपडे धुवायच्या जाळीदार पिशवीचे कापड ताणून बसवले. खाऊ म्हणून डासांच्या अळ्या. त्या भाऊंच्याच विसरलेल्या बादलीत सापडल्या, त्यामुळे भाऊंनी त्या दिवशी सगळ्या बादल्या दोनदा घासल्या. “खाऊ चिमूटभरच,” आत्या बटणला बजावायची, “मासा भुकेने क्वचित मरतो, लाडाने हटकून.” अंडी घालायला तिने लोकरीचे धागे बांधून एक गोंडा केला आणि तरंगत्या बुचाला लटकवला. मासे त्यात शिरून थरथरायचे. आत काय चालते, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

मागे डोह आटला. चिखलाला भेगा पडल्या. आता त्या माशांचे घर म्हणजे मी एकटी.

आणि मग एका मोठ्या हॉटेलच्या बाई लाँड्री बघायला येणार, असा निरोप आला. काम मिळाले तर वर्षभराच्या चादरी. आत्या कपडे पोचवायला गेली होती. बटण शाळेत. भाऊंनी सगळी लाँड्री घासली, आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांचे मन वाईट नव्हते, मित्रांनो. साबणाचा थेंब लावला नाही त्यांनी. मासे बादलीत काढले. वाळू उकळत्या पाण्यात धुतली. दगड ब्रशने घासले. पानांवरची साय निपटली, कुजकी पाने फेकली, जुने पाणी गटारात ओतले. काच अशी लखलखली, की मी आहे की नाही, हे मलाच कळेना. वर नळाचे ताजे पाणी सोडले आणि मासे आत टाकले.

बाई आल्या. “अय्या, काय स्वच्छ आहे!” म्हणाल्या. आयुष्यात एवढी स्तुती माझी झाली नव्हती, आणि आत मासे गुदमरत होते. एरवीही ते वरच्या थरातच राहणारे, पण आता तोंडे पाण्याबाहेर काढून भराभर कल्ले हलवत होते. मला ओरडता आले असते तर! काचेला फक्त तडा जाऊ देता येतो, आणि तो परवडणारा नव्हता.

बटण शाळेतून आली. दप्तर खांद्यावरच होते.

“बाबा, हे असं का करतायत?”

“नवीन पाण्याची मजा घेतायत,” भाऊ म्हणाले. मग त्यांनी वाकून पाहिले, आणि त्यांच्या हातातले फडके थांबले. एक मासा आडवा झाला होता.

आत्या आली ती चपलांसकट आत आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भावाकडे. ती नजर इस्त्रीपेक्षा गरम होती. तिने पिंपातले, उघडे ठेवलेले शिळे पाणी आणायला सांगितले. भाऊ धावत कळशा आणू लागले. नळाचे पाणी काढून ते शिळे पाणी माझ्यात भरले. पण ते बारीक जीव कुठून आणायचे? डोहात चिखल, गटारात साय.

“सगळं धुतलंस?” आत्याने विचारले. “गोंडासुद्धा?”

भाऊंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज दुखावलेला होता.

“ताई, लोकर होती ती! लोकर कधी गरम पाण्यात घालीन का मी? लोकरीच्या कपड्यांबरोबर हाताने धुणार होतो. तिकडे मगात भिजत ठेवलाय, पेटीच्याच जुन्या पाण्यात.”

आत्या मटकन खाली बसली आणि इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तो मग शेल्फावर, लोकरी कपड्यांच्या गाठोड्याशेजारी होता. गोंडा मळकट, बुळबुळीत, ओढ्याच्या वासाचा; म्हणजे ते बारीक जीव त्यात शाबूत. तिने तो पाण्यासकट माझ्यात सोडला. “धुण्याच्या नियमाने बुडवलं आणि धुण्याच्याच नियमाने तारलं,” ती म्हणाली.

लगेच सगळे ठीक झाले, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. एवढे एक मी फुगवत नाही. बरेच मासे गेले. बटण प्रत्येकाला अंगणात पुरून यायची. भाऊ रोज कामाआधी माझे थोडे पाणी काढून तेवढेच शिळे पाणी घालायचे, आणि वाकून मोजल्यासारखे बघत राहायचे. पाणी दुधाळ झाले, मग हळूहळू निवळले.

आणि एका सकाळी बटण किंचाळली, “आत्या! स्वल्पविराम!”

गोंड्याखाली, पाण्याच्या अगदी वरच्या कातडीला चिकटून, दोन डोळे आणि एक शेपटी असलेले स्वल्पविराम हलत होते. अंडी गोंड्यातच होती. भाऊंनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.

नळ घालून झाला, बांध फोडला, डोह भरला. तो बरेच दिवस नुसताच राहिला. आत्याने पाणी तेवढे मुरू दिले. मग मोठी झालेली पिल्ले परत नेण्याचा दिवस आला. माशांचा मग कोणी धरला असेल? कडकभाऊंनी. इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलात उतरून. तिची घडी मोडली, तरी त्यांनी पाहिले नाही.

काही मासे माझ्यात राहिले. ते आता भाऊंच्याच आग्रहाने काउंटरवर आहेत, म्हणजे मीही आहे. ते माझी पुढची काच पुसतात, मागची नाही. मागे हिरवी मखमल वाढली आहे. परवा एक गिऱ्हाईक म्हणाले, “अहो, तुमच्यासारख्या माणसाच्या दुकानात मागची काच अशी?”

“तिकडे वस्ती आहे,” भाऊ म्हणाले आणि त्याच्या सदऱ्याचे बटण शोधू लागले.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला जपा. पण सगळी एकदम धुऊ नका. एक कोपरा तिचा तिला ठेवा. आणि माझ्याकडे आलात तर वाकून बघा, टिचकी मात्र मारू नका. कालपासून मागच्या हिरवळीत काहीतरी हलते आहे. काय आहे, ते अजून मलाही कळलेले नाही.