कुंकू लावलेली जागा

दुपारच्या शांततेत फ्लॉपीचा कप्पा दोनदा खरखरला आणि मी आधी पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नाही. मनू बाजेवर सासूबाईंच्या कुशीत झोपली होती. म्हणजे चारपर्यंतचा वेळ माझा. चारला अमळनेरची लाईट जाते.

फ्लॉपी सकाळच्या टपालाने आली होती. हे इथल्या कॉलेजात शिकवतात, सध्या प्रशिक्षणाला पुण्यात आहेत. सोबत चिठ्ठी होती: तीन मिनिटांचाच आवाज मावला, सोमवारी फोन करेन, मनूने ऐकलं का ते सांग. एवढंच. पण गेले तीन सोमवार एसटीडी बूथवर मनू रिसीव्हर कानाला लावू देत नव्हती. मागच्या वेळी म्हणाली, हे माझे पप्पा नाहीत, कोणीतरी माणूस आहे. हे तिकडून हसले आणि मनू जेवली का ते मलाच विचारू लागले.

जाताना यांनी कॉम्प्युटरवरच्या लिनक्सच्या आज्ञा मला वहीत लिहून दिल्या होत्या, लोणच्याचं प्रमाण लिहून द्यावं तशा. त्यातली आवाज वाजवायची आज्ञा मी टाकली. पडद्यावर तक्रार नाही, आणि आवाजही नाही. आवाज पूर्ण वाढवला, तरी तेच. स्पीकरचा दिवा तर लागलेला. त्याची पिन काढून टेपरेकॉर्डरला लावली, तर भजन असं दणाणलं की मनूने कूस बदलली. घाईने बंद केलं. म्हणजे स्पीकर धडधाकट होता. पिन होती तिथे परत खोचली.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आवाज आलाच नाही तर आवाजाच्या साधनांची यादी बघ.' यादी काढली तर साधनं दोन निघाली, शून्य आणि एक. शून्य म्हणजे यांनी जाण्याआधी बसवलेलं नवं कार्ड, एक म्हणजे मशीनमधलं मूळचं. आवाज निघत होता शून्यातून. मी बॅटरी घेऊन टेबलामागे वाकले. पिन मूळच्या भोकात होती, आणि त्या भोकाभोवती हळदकुंकू होतं.

मग उलगडलं. दसऱ्याला, नवं कार्ड बसवण्याआधी, सासूबाईंनी कॉम्प्युटरची पूजा केली होती. आवाज इथून येतो असं यांनी दाखवलं, तर त्या जागेलाही बोट लावलं. पाडव्याआधी घर झाडताना त्यांनीच वायरी काढून पुसल्या आणि नव्या कार्डातली पिन कुंकवाच्या जागी लावून टाकली.

मी पिन उपसायला हात घातला, तर बाजेवरून आवाज आला. त्या केव्हाच्या जाग्या होत्या.

"तठेच ऱ्हाऊ दे माय. कुकू लायेल शे तठे."

पिन हलवली असती तर दोन क्षणांत काम झालं असतं. पण पुढच्या झाडलोटीला ती परत तिथेच गेली असती. मी खुर्चीवर बसले, वही चाळली आणि कॉम्प्युटरलाच सांगितलं की यापुढे शून्य नाही, एक. चाराला नऊ मिनिटं कमी होती.

"मनू, जेवलीस का गं?" स्पीकरमधून हे म्हणाले.

मनू ताडकन उठून बसली. केस डोळ्यांवर आलेले. "पप्पा," ती म्हणाली, कोणी न सांगता. मग स्पीकरला तोंड लावून सांगू लागली, भेंडी खाल्ली, वरण नाही खाल्लं. हे मात्र थांबले नाहीत, तिकडच्या खोलीतल्या चिमणीचं सांगत गेले. सासूबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. आता सोमवारी मला काय सांगायचं ते ठरलं होतं.

संपल्यावर मनू म्हणाली, परत. मी परत लावलं.

"मनू, जेवलीस का गं?"

ती माझ्याकडे वळली.

"मी सांगितलं ना आत्ता. मग पप्पा परत का विचारतात?"