टाळ्यांनी सुरू होणारं गाणं

धाकटा पन्नाशीला टेकला होता, डोक्यावर केस म्हणावेत असे उरले नव्हते, तरी हॉलवाले, फोटोग्राफर, केटरर सगळे त्याला धाकटाच म्हणत. एके काळी दोघे भाऊ मिळून समारंभात गाणी वाजवायचे आणि स्पीकरवरच्या पाटीवर ‘थोरला-धाकटा’ एवढंच लिहिलेलं असायचं. आता पाटी नव्हती आणि थोरलाही नव्हता. म्हणजे होता, चार गल्ल्या सोडून राहत होता. पण नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

चूक धाकट्याची होती आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठल्याशा कंपनीची पार्टी होती. थोरला संथ गाणी लावत बसला होता, माणसं एकेक करून खुर्च्यांकडे वळत होती. धाकट्याने भावाचा हात बाजूला सारून गाणं बदललं आणि वर माइकवर म्हणाला, “आमच्या दादाची झोपायची वेळ झाली, आता जरा जागं करणारं काहीतरी ऐकू या.” शंभर माणसं हसली. थोरल्याने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि घरी गेला. तो गेला तो गेलाच. माफीला दोन शब्द लागतात, पण या शहाण्याची जीभ नऊ वर्षं वळली नाही. माइक हातात आला की तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि भावाच्या दारात जायचं म्हटलं की दातखीळ बसायची.

मग भाचीचं लग्न ठरलं आणि ताईने फर्मावलं, “माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही दोघांनी तोंडं फिरवून बसायचं नाही. तो येतोय. तुमचं ते टाळ्यांचं गाणं लाव. नाही उठला तर मला विचार.”

ते एक जुनं गाणं होतं, नुसत्या टाळ्यांनी सुरू होणारं. दोघांनी पहिल्यांदा हॉल भरून नाचवला तो त्याच गाण्यावर. ते लागलं की थोरला सगळं सोडून लोकांत उतरायचा आणि घामाघूम होईपर्यंत नाचायचा. धाकट्याचा बेत सोपा होता. गाणं लावायचं, दादा उठेल, आपणही खाली उतरायचं, शेजारी उभं राहून नाचायचं. म्हणजे बोलायची वेळच येणार नाही.

लग्न दुपारचं. जेवणं उरकून माणसं जड झाली होती. अशा वेळी एकदम धडाधड वाजवलं की लोक कानांवर हात ठेवून बाहेर जातात, म्हणून धाकट्याने बेताबेताने चढवत नेलं. बायकांनी पर्स खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली की समजायचं, आता या बसत नाहीत. पाण्याच्या टेबलापाशी गर्दी झाली की दोन गाणी सैल सोडायची. कोपऱ्यात चौघी मैत्रिणी नुसत्याच डुलत असतात, त्यांच्यासाठी वाजवायचं. त्या आल्या की बाकीचे आपोआप येतात. हे सगळं थोरल्याने शिकवलेलं. आणि सगळ्यांत आधी शिकवलं होतं ते हे: “तोंडं बघू नकोस. तोंड लोकांना बरं वाटावं म्हणून हसतं. पाय बघ. पाय तयार झाले नाहीत तोवर हातचं राखलेलं गाणं काढायचं नाही, फुकट जातं.”

थोरला दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. अंगावर नवा सदरा, पायात नवे बूट, थोडे मोठेच वाटणारे. शेजारी वहिनी. थोरला धाकट्याकडे बघून हसत होता. पण धाकट्याची नजर सवयीने खाली गेली. पाय खुंट्यासारखे जमिनीला टेकलेले. आख्खा हॉल हलत होता आणि त्या बुटाचं टोकसुद्धा हलत नव्हतं. राग गेलेला नाही, धाकटा मनात म्हणाला. अजून दोन गाणी.

दोनाची सहा झाली. मध्येच वहिनी उठून त्याच्यापाशी आली.

“भावजी, ते गाणं लावताय ना?”

“लावतो वहिनी, जरा थांबा. अजून दादाचा पाय हलत नाही.”

वहिनी काहीतरी बोलायला गेली, मग नवरी-नवऱ्याकडे बघून परत जागेवर जाऊन बसली.

एका स्पीकरची वायर सैल झाली म्हणून धाकटा खाली वाकला. वर बघतो तर दाराजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. त्याने घाईघाईने गाणं लावलं, टाळ्या घुमल्या, हॉलने एकच गलका केला आणि धाकटा धावत फाटकापर्यंत गेला. रिक्षा निघून गेली होती. आत लोक बेभान नाचत होते आणि त्याला एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. थोरल्याचा उजवा पाय काल कापला. साखरेने वर्षभर पायाला संवेदना नव्हती, जखम चिघळत गेली. डॉक्टरांनी ऑपरेशनला लग्नाआधीचीच तारीख दिली होती, त्याने ती पुढे ढकलून घेतली आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बायकोला शपथ घातली. “टाळ्यांच्या गाण्यावर एकदा उभा राहतो, मग कापा म्हणाला,” ताई म्हणाली.

दवाखान्यात थोरला उशीला टेकून पडला होता. धाकटा स्टुलावर बसला.

“लावलं नाहीस,” थोरला म्हणाला.

“तुझ्या पायाकडे बघत होतो, दादा. हललाच नाही. मला वाटलं, राग आहे अजून.”

“अरे, मी हसत होतो की तुझ्याकडे बघून. पूर्ण वेळ.”

“तूच म्हणायचास, तोंडं बघू नकोस.”

“म्हणायचो खरा.” थोरला खिडकीकडे बघत राहिला. “मला वाटलं, मुद्दाम लावत नाहीस. म्हातारं आलंय, बसू दे, असं तुझ्या मनात असेल.”

“दादा, चुकलं माझं. तेव्हाही आणि आताही.”

नऊ वर्षं अडलेलं वाक्य आलं आणि त्याने काहीच हलकं झालं नाही. थोरल्याने नुसता हात हलवला. “लाव आता.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता, म्हणून धाकट्याने मोबाइलवर अगदी हळू लावलं. टाळ्या सुरू झाल्या. थोरल्याने डोळे मिटले.

“ठेका धरला बघ.”

“कुणी?”

“उजव्या पायाने. वर्षभर मेल्यासारखा होता, आता कापल्यावर हलतोय. डॉक्टर म्हणतात, होतं असं. दिसतोय का?”

धाकट्याने सवयीने पायथ्याकडे बघितलं. उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट होती.

“नाही, दादा.”

गाणं संपलं. “परत लाव,” थोरला म्हणाला. धाकट्याने परत लावलं आणि या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. थोरला आता हसत नव्हता.