नऊ दांड्यांचं उद्घाटन

मोठ्या बाईंच्या कपाटावर सहा ब्लँकेटं होती, आणि सातवं घेऊन सेवा क्लबची मंडळी वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत येत होती. उन्हाळा अगदी ऐन भरात होता.

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आश्रमात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूचनाफलकावरच्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि तेव्हापासून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणू लागले. गेल्या चार वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. दान घेणं हेही एक काम आहे, आणि चांगलंच दमवणारं. कुठलाही क्लब आला की हॉलमध्ये रांगेने बसायचं, भाषण ऐकायचं, वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची, फोटोग्राफर सांगेल तिकडे बघायचं आणि तो म्हणेपर्यंत चेहऱ्यावरची कृतज्ञता उतरू द्यायची नाही. फिटरकाकांना हे काही केल्या जमायचं नाही. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस; भाषण ऐकतानाही त्यांचा चेहरा एखाद्या यंत्राची खडखड ऐकत असल्यासारखा व्हायचा. म्हणून त्यांना कायम मागच्या रांगेत बसवत.

या खेपेला मात्र बाई मनाशी ठरवूनच बसल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या खोलीतल्या नर्सताई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांची मोडलेली हाडं सांभाळलेल्या ताईंचं स्वतःचं मनगट आता प्लास्टरमध्ये होतं. बाथरूममध्ये धरायला ओल्या भिंतीशिवाय काहीच नव्हतं. बाईंनी व्यवस्थापकांकडे स्टीलचे दांडे मागितले. व्यवस्थापकांनी तो विषय विश्वस्तांकडे ढकलला, विश्वस्तांनी पुढच्या बैठकीकडे, आणि पुढची बैठक कधी, हे एका देवालाच ठाऊक होतं.

वाटप आटोपल्यावर बाई उठून क्लबच्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. अध्यक्षांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. देह भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम.

"अध्यक्षसाहेब, ब्लँकेट छान आहे. आता एक मागू?"

"मागा की आजी! आम्ही आलोय कशासाठी?"

"बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत. नऊ बाथरूम आहेत."

अध्यक्षांचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी शेजारच्या सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी दातांचा डॉक्टर होता, आणि त्याआधी, सहावी ब मध्ये, बाईंचा विद्यार्थी. तो घसा खाकरून म्हणाला, "बाई, कल्पना चांगली आहे. पण आमचे उपक्रम कसे, जरा दिसणारे लागतात. वर अहवाल जातो, फोटो जातात. बाथरूममध्ये कार्यक्रम करायचा तरी कसा?"

बाई रागावल्या नाहीत. वर्ग झाडायला तयार नसलेल्या मुलाचं नाव फळ्यावर 'स्वच्छता प्रमुख' म्हणून लिहिलं की तोच मुलगा झाडू सोडत नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं होतं.

"पाटी लावा ना," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांचं नाव, खाली सगळ्या सभासदांची नावं. इथे आम्ही अठ्ठावीस जण राहतो. रोज सकाळी सगळे वाचतील. माणूस दुसरी कुठली पाटी इतक्या निवांतपणे वाचतो, सांगा बरं?"

अध्यक्ष विचारात पडले. "आणि फीत?"

"दार आहे ना? दार आहे तिथे फीत बांधता येते."

ठरलं. जाता जाता बाईंनी सेक्रेटरीला ऐकवलंच, "शाळेत दांड्या मारायचास, आता दांडे बसव. तेवढीच भरपाई."

पुढच्या रविवारी क्लबचे एकोणीस सभासद पिवळे टी-शर्ट आणि पिवळ्या टोप्या घालून श्रमदानाला हजर झाले. वकील होते, विमा एजंट होते, दोन बिल्डर होते. पण भिंतीला भोक पाडण्याची वेळ आयुष्यात त्यांच्यातल्या एकावरही आली नव्हती. बिल्डरांवर तर नाहीच. दांडे चकचकीत होते. ड्रिल मशीन तिघांनी मिळून धरलं होतं, आणि चौथा त्या तिघांचा व्हिडिओ काढत होता.

फिटरकाका दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"स्क्रू तोकडे आहेत," ते म्हणाले. "नुसत्या टाइलमध्ये बसतायत. मागे गिलावा पोकळ आहे, वाजवून बघा. विटेपर्यंत जायला हवं."

"काका, तुम्ही आयुष्यभर खूप केलंत," अध्यक्ष मायेने म्हणाले. "आज तुम्ही नुसता आराम करायचा." त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि एक पिवळी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. काका टोपी घालून बसले, आणि प्रत्येक भोकाचा आवाज ऐकून मान हलवत राहिले.

उद्घाटनाला क्लबच्या वरच्या मंडळाचे एक पदाधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून आले. तळमजल्यावरच्या पहिल्या बाथरूमच्या दाराला गुलाबी फीत बांधली होती. आत, नळाच्या वर, पितळी पाटी. फीत कापल्यावर पाच फूट बाय सात फुटांच्या त्या जागेत अकरा माणसं शिरली. फोटोग्राफर उलट्या बादलीवर चढला.

"सगळ्यांनी दांडा धरा," तो म्हणाला. "आणि इकडे बघा!"

प्रमुख पाहुण्यांनी धरला, सेक्रेटरीने धरला, आणि अध्यक्षांनी जागा नव्हती म्हणून जरा रेलून धरला. कर्र असा आवाज झाला. दांडा चार टाइल्स घेऊन भिंतीबाहेर आला आणि अध्यक्ष दांड्यासकट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर बसले. पाहुणे ओल्या फरशीवर बसले होते. सेक्रेटरीने आधारासाठी पकडला तो नेमका शॉवरचा नळ.

लागलं कुणालाच नाही. भिजले मात्र सगळे. बाई दारातच होत्या. त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला तरी खांदे हलतच होते. मग त्यांची नजर शेजारी गेली. नर्सताई प्लास्टरमधला हात छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. त्या भिंतीतल्या खड्ड्याकडे बघत होत्या. उद्या सकाळी तो दांडा धरून पहिल्यांदा उठणार होत्या त्या. बाईंचं हसू तिथल्या तिथे विरलं.

पाहुणे ओल्या कपड्यांनिशी गाडीत बसून निघून गेल्यावर बाईंनी सेक्रेटरीला खोलीत बोलावलं. तो हात मागे बांधून उभा राहिला. बस असं बाईंनी म्हटलं नाही.

"किती वर्षं दात बसवतोयस?"

"अठरा, बाई."

"बसवायच्या आधी खाली हाड आहे का, ते बघतोस?"

"बघतो."

"मग भिंतीत वीट आहे का, ते कुणी बघायचं होतं?"

 तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी." अध्यक्ष तिथे उभे होते, अंगावर कुणाचा तरी टॉवेल. आवाजातला भक्कमपणा पार गेला होता. "काकांनी सांगितलं होतं मला. मी त्यांना टोपी घातली."

"तेही सगळ्यांसमोर," बाई म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं. अध्यक्षांनाही आलं, जरा उशिराने.

पुढच्या रविवारी फिटरकाकांनी ताबा घेतला. टी-शर्ट, टोप्या, व्हिडिओ सगळं बंद. त्यांनी प्रत्येक भिंत बोटांच्या मागच्या बाजूने वाजवली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि लांब स्क्रू मागवले. वकिलांना धूळ झाडायला लावली, बिल्डरांना भोकं मोजायला. ड्रिल सेक्रेटरीच्या हातात दिलं. "रोज माणसाच्या तोंडात भोकं पाडतोस, तिथे हात कापत नाही, मग भिंतीला काय घाबरतोस?" आणि खरंच, त्याचा हात इतका स्थिर निघाला की काकांनी दोनदा चष्मा पुसून बघितलं.

राहता राहिले अध्यक्ष. त्यांच्या हातून स्क्रू सरळ जाईना, पेन्सिलीची रेघसुद्धा सरळ येईना. काकांनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"वजन किती?"

"ब्याण्णव किलो."

"झकास. तुम्ही लटकायचं."

त्या दिवशी अध्यक्ष नऊच्या नऊ दांड्यांना एकेक करून लटकले. दोन्ही पाय उचलून, डोळे मिटून, काका दहा अंक मोजेपर्यंत. सातवा दांडा किंचित कुरकुरला तेव्हा त्यांनीच तो काढून पुन्हा बसवायला लावला. शेवटी नर्सताईंना बोलावलं. त्यांनी डाव्या हाताने दांडा धरला, उठल्या, बसल्या, परत उठल्या, आणि अध्यक्षांच्या घामेजलेल्या खांद्यावर थोपटून गेल्या. कृतज्ञतेचा तो काही फोटोत येण्यासारखा नमुना नव्हता. 

दोन दिवसांनी ते एकटेच आले, आणि फिटरकाकांपुढे जरा घुटमळले.

"काका, घरी आई आहे माझी. ब्याऐंशी वर्षांची. तिच्या बाथरूममध्ये..."

"दांडा नाही," काका म्हणाले.

"सुचलंच नाही हो कधी. तिने मागितलाही नाही. वाढदिवसाला मी तिला भला मोठा टीव्ही घेऊन दिला."

"आंघोळ करताना टीव्हीला धरतात का?" काकांनी विचारलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

अध्यक्षांच्या आईने ते काम खुर्ची टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितलं. शेजारणीने बहिणीला सांगितलं. तिथून जे सुरू झालं ते काही थांबेना. दर रविवारी काका, सेक्रेटरी आणि अध्यक्ष अशी तिघांची वरात कुणाच्या ना कुणाच्या घरी निघायची: एक खुणा करणार, दुसरा भोकं पाडणार, तिसरा लटकणार. काकांच्या चेहऱ्यावरची ती खडखड ऐकण्याची कळा गेली. घरी म्हाताऱ्या माणसाची अडचण होते म्हणून त्यांना आश्रमात आणून सोडणाऱ्या मुलानेही फोन केला, सासूच्या बाथरूमसाठी. काकांनी त्याला रांगेत तेविसावा नंबर दिला आणि बरोबर तेविसाव्या नंबरलाच गेले.

चाळीस घरं पार झाल्यावर वरच्या मंडळाने क्लबला वर्षाचा सर्वोत्तम उपक्रम म्हणून पुरस्कार जाहीर केला. सेक्रेटरी अहवाल शुद्धलेखन तपासायला बाईंकडे घेऊन आला. बाईंनी लाल पेन उघडलं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत त्या तिसऱ्या पानावर पोचल्या आणि थांबल्या.

"लाभार्थ्यांच्या रकान्यात पहिलंच नाव फिटरकाकांचं?"

सेक्रेटरी चाचरला. "फॉर्मात दोनच रकाने आहेत, बाई. सभासद नाहीतर लाभार्थी. काका सभासद नाहीत."

"मग करून घ्या की सभासद."

"नियमात बसत नाही. चालू व्यवसाय असावा लागतो. मी विचारलं वर. निवृत्त माणूस चालत नाही म्हणाले."

बाईंनी काकांना बोलावून अहवाल दाखवला. 'ज्यांच्या निष्क्रिय, निराधार जीवनात क्लबने आशेचा किरण आणला' हे वाक्य काकांनी दोनदा वाचलं.

"सभासद झालं की काय करावं लागतं?"

"दर गुरुवारी बैठक," सेक्रेटरी म्हणाला. "भाषणं असतात."

"मग लाभार्थीच बरा," काका म्हणाले. "निष्क्रियमधला षला क जोडलाय ना बरोबर, बाई?"

"तो बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं चूक आहे." पण तिथे पेन टेकवायला त्यांना जागा दिसेना, कारण व्याकरणात वाक्य निर्दोष होतं.

समारंभ एका मोठ्या सभागृहात दुपारी झाला. बाई आणि नर्सताई पहिल्या रांगेत. मंचावर एका टोकाला लाभार्थ्यांची खुर्ची, तिच्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले फिटरकाका. मधोमध अध्यक्ष आणि सेक्रेटरी, हातात काचेचं स्मृतिचिन्ह. प्रमुख पाहुणे तेच, आता कोरड्या कपड्यांत. ते माइकसमोर उभे राहून मानपत्र वाचू लागले, पण माइकचा स्टँड होता ढिला. दर वाक्याला माइक हळूहळू खाली झुकायचा आणि पाहुणे त्याच्या मागे वाकत जायचे. 'निराधार वृद्धांना' म्हणेपर्यंत ते पार कमरेत वाकले होते.

काकांनी दोन वाक्यं सहन केली. मग ते उठले, खिशातला छोटा पेचकस काढला आणि पाहुण्यांच्या पायाशी उकिडवे बसले. पाहुण्यांना वाटलं, नमस्कार करतायत. त्यांनी वाचता वाचता आशीर्वादाचा हात पुढे केला. काकांनी तो हाताने बाजूला सारला. अध्यक्षांनी हे पाहिलं. स्मृतिचिन्ह सेक्रेटरीच्या हातात कोंबून ते सगळ्या सभागृहासमोर गुडघ्यांवर बसले आणि स्टँडचा तळ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"घट्ट," काका म्हणाले. माइक चालूच असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "हलू देऊ नका."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. दोघांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, चेहरा एकाचाही नाही.

"काय चाललंय?" समोर उभ्या फोटोग्राफरमुळे नीट दिसत नव्हतं म्हणून नर्सताईंनी विचारलं.

"एक स्क्रू राहिलाय," बाई म्हणाल्या, आणि नीट दिसावं म्हणून स्वतःची खुर्ची त्यांनी जरा बाजूला सरकवली.