झेंडूची माळ घातलेला सर्व्हर

प्रभाकर गेल्यापासून घरात चूल पेटली नव्हती. बबनराव आणि त्यांच्या पत्नी इंदुताई आकुर्डीहून पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आले. प्रभाकरांच्या मुलीने, चारुलताने, तो ओट्यावर ठेवला. बबनकाका म्हणजे बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र, आणि चाकणच्या कारखान्यातले त्यांचे साहेबही.

पुरवठादारांशी ड्रॉइंग्जची देवाणघेवाण जिथून चाले, तो सर्व्हर बाबा सांभाळत. त्याच्या सुरक्षेत एक भगदाड निघालं. पुरवठादाराच्या साध्या खात्याने आत आलेला कुणीही स्वतःला सगळ्या सर्व्हरचा मालक करून घेऊ शकत होता. दसऱ्याच्या सुट्टीत कुणीतरी तसं केलं आणि नव्या गाडीची ड्रॉइंग्ज पळवली. ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, हातात असून प्रभाकर ती टाकायला विसरले, असं चौकशीत ठरलं. नोकरी गेली. मग माणूसही घरातल्या घरात विरत गेला. "मी विसरलो नव्हतो गं," एवढंच म्हणायचे.

"भारी हट्टी हो तुझे बाबा," डोळे पुसत इंदुताई म्हणाल्या. "खंडेनवमीला सर्व्हरला माळ घातलेली, हळदकुंकू वाहिलेलं, आणि यांना फोनवर फोन. आत्ताच दुरुस्ती टाकतो, सर्व्हर जरा बंद करतो! शेवटी हे ओरडले, पूजलेल्या यंत्राला आज हात लावायचा नाही प्रभ्या, सुट्टी संपल्यावर बघू."

"इंदू," बबनराव पुटपुटले.

चारुलताने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, चौकशीत हे बोललात?"

"दोघंही गेलो असतो, चारू. मी त्याला म्हटलं, तू तोंड उघडू नकोस, मी आत राहून तुला परत घेतो."

"घेतलंत?"

ते अंगठीच फिरवत राहिले.

फोन वाजला की बाबा आधी कुणाचं नाव शोधायचे, ते तिला आत्ता कळलं.

"उद्या शोकसभेत तुम्ही बोलणार आहात. एवढंच सांगा, प्रभाकर विसरला नव्हता, मी थांबवलं होतं."

"सगळा कारखाना असेल गं तिथे. आणि गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, बाळा?"

चारुलता उठली. डबा अजून कोमट होता. तिने तो न उघडताच त्यांच्या हातात दिला.

"अगं, सुतकाच्या घरात..." इंदुताई गडबडल्या. "खाणार काय तुम्ही?"

"करते मी काहीतरी."

दार लावून ती स्वयंपाकघरात आली आणि तिने गॅस पेटवला.