हळदीचं पाणी

"आबा, फ्लश करायचंपण लक्षात राहत नाही का आता?"

मी संडासाच्या दारातून ओरडले, तेव्हा शेजारच्या वसुंधरावहिनी इडलीपात्र परत द्यायला हॉलमध्ये आल्या होत्या. संडासाच्या भांड्यात पिवळं पाणी साचलं होतं. वहिनींनी आत डोकावून पाहिलं. "वय झालं गं, चालायचंच," असं हळू आवाजात म्हणून त्या निघाल्या.

दार लागल्यावर आबा बाल्कनीतून उठून आले.

"हलद हाय ती."

"काय?"

"टाकीचा नल बंद केला नि झाकन काढून चिमूटभर टाकली. पानी वरून वाहतंय का खालून पाझरतंय, ता बघाचा व्हता. आर्धा तास कोनी फ्लश कराचा नाय." त्यांनी वाकून भांड्यात पाहिलं. "खालचा वायसर गेलाय. वरचा सगला बेस हाय."

आठवडाभर आमचा फ्लश वाहत होता आणि प्लंबर उद्या-परवा करत होता. आबांनी तीस वर्षं उरणकडच्या मिठागरांवर बांध राखले. बांध कुठे पाझरतोय हे पाहायला ते पाण्यावर भाताचा कोंडा टाकत. कोंडा ज्या बाजूला ओढला जाई, तिथे चिखल लिंपायचा. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर कोंडा कुठला, म्हणून हळद.

"मग आधी सांगायचं ना," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

"तू फोनवर व्हतीस." मग माझ्याकडे न बघता, "आनि मी काय एवढा पिवला मुततो काय गो?"

मी हसले नाही. पेपर तपासायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून हाक मारली. आबा उठले नाहीत.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं राहिलं. वसुंधरावहिनींनी आमच्यासाठी सख्ख्या बहिणीसारखं केलं. सकाळी भाकरी, दुपारी आल्यागेल्याला चहा. चहाचा कप हातात देताना त्या प्रत्येकाला सांगायच्या, "सुटले हो. शेवटी भान नव्हतं राहिलं. संडासातलंसुद्धा कळायचं नाही." ऐकणारे मान हलवायचे. कोन गावाहून आलेली भामाआत्या, आबांची धाकटी बहीण, माझ्याकडे बघायची. मी नजर चुकवायचे. खरं काय ते सांगितलं असतं, तर माझं ओरडणंही सांगावं लागलं असतं. ते आत्यापुढे सांगायचं धैर्य मला होत नव्हतं.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. शकील त्याचं नाव.

"सॉरी हां ताई, लेट झालं. आता लीक वरून आहे की खालून, ते बघायला टाइम लागेल."

"खालचा वॉशर गेलाय. वरचं सगळं ठीक आहे."

त्याने झाकण उतरवलं, आत हात घातला आणि फाटलेलं काळं रबर माझ्यासमोर धरलं. "एकदम बरोबर. कोण बोललं तुम्हाला? घरात मिस्त्री आहे काय?"

हॉलमध्ये वहिनी आत्याबरोबर गवार मोडत बसल्या होत्या. त्याच बोलल्या, "कसला मिस्त्री रे? एक म्हातारे होते. त्यांना बिचाऱ्यांना आपलं आपल्याला—"

"वहिनी."

मी बाहेर आले.

"ते पाणी हळदीचं होतं. गळती शोधायला आबांनी हळद टाकली होती. अर्धा तास फ्लश करायचा नसतो, म्हणून केला नव्हता. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला सांगितलं."

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, मग तू तेव्हाच का नाही…"

"आबांना शेवटपर्यंत सगळं कळत होतं. काही न विचारता ओरडले मी. तेही तुमच्या देखत." हे मी आत्याकडे बघत बोलत होते. तिचे डोळे आबांसारखे बारीक आहेत. "आत्या, आबांची माफी मागायला अख्खा दिवस होता माझ्याकडे. नाही मागितली. माझं चुकलं, आबा."