हिरवी ज्योत

टाकळवाडीच्या चावडीत त्या तिन्हीसांजेला पाय ठेवायला जागा नव्हती. गडीमाणसं ओट्यावर, बाया खाली, पोरं लिंबाच्या फांद्यांवर, आणि मधोमध मृगाजिन अंथरून बसलेला ज्योतनाथबाबा. त्याच्या हातात एक विचित्र दिवा होता. पितळी बूड, वर तांब्याची चकती, आणि बुडापासून निघालेली हातभर लांब काळी रबरी नळी. त्या नळीला तो शेषाची शेपटी म्हणायचा.

"अलख निरंजन! निळी ज्योत निर्मळ, हिरवी ज्योत गरळ! शेपटी हुंगंल, ज्योत सांगंल! ज्याच्या अंगात करणी त्याच्यापाशी ज्योत हिरवी!"

एकेक माणूस पुढं येई. बाबा नळीचं टोक त्याच्या पायाशी धरी. ज्योत निळीच राही, माणूस सुटकेचा श्वास टाकी, बाबाच्या पुढ्यात पायलीभर ज्वारी ओती आणि मागं सरे.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव लागोपाठच्या दुष्काळानं वाळून गेलं होतं. विहिरीच्या तळाशी गढूळ डबकं उरलेलं, तेच सगळे पीत. तीन आठवड्यांत चार तान्ही मुलं हगवण-उलटीनं गेली होती. चौथा गावातल्याच सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याचा सात महिन्यांचा मुलगा. करणी कोणी केली, एवढंच गावाला आता जाणून घ्यायचं होतं.

मी रंगनाथ, तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर, खांबाला टेकून उभा होतो. बुवाबाजीवर माझा विश्वास नव्हता आणि तसं मी गावात बोलतही असे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी जे पाहिलं ते मला उलगडलं नाही.

सूर्यभानची आई लंकाबाई पुढं आली. साठीची, काटक, गावाची सुईण. चावडीत बसलेल्यांपैकी निम्म्यांची नाळ तिनं कापली होती. बाबाचा तिच्यावर आधीपासून डोळा होता, कारण तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती भर पाणवठ्यावर म्हणाली होती, "तान्ह्या लेकराला या बाबाची राख कसली चाटवता गं? पानी उकळून पाजा. दिव्यानं कुनाचं पोट साफ हुतं व्हय? लेकराला कर्जतच्या दवाखान्यात न्या."

बाबानं तिला अगदी समोर बसवलं. नळी तिच्या पदरापाशी धरली, डोळे मिटले, ओठ हलवले. ज्योत थरथरली आणि बघता बघता तिच्या कडा हिरव्या झाल्या. मग सगळीच ज्योत हिरवीगार पेटली.

लंकाबाई पुढं वाकून दिव्याकडं बघत होती. तिला एकदम ठसका लागला. खोकता खोकता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा!" बाबा गरजला. "करणी घशाशी आली! आता बाहेर पडाया बघती!"

"हिरवी झाली! हिरवी झाली!" असा एकच गलका उठला. सूर्यभानची बायको छबूबाई किंचाळून खाली कोसळली. सूर्यभान मात्र जागचा हलला नाही. तो आईकडं बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उतरत होतं ते मी आजही विसरू शकत नाही. मूल गेलं त्या दिवसापासून त्याला दोष द्यायला कोणी सापडत नव्हतं. आता सापडलं होतं.

"आये," तो म्हणाला, "माझ्याच पोराला खाल्लंस?"

"सूर्यभाना, अरं, म्यां तुला..." खोकल्यानं तिला पुढं बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गावाबाहेर काढलं. कोणी मारलं नाही. हात लावायलाच लोक भीत होते. तिचं गाठोडं वेशीबाहेर ठेवलं आणि विहिरीवर तिला पाणी भरू द्यायचं नाही असं ठरलं. त्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होता, ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

शाळा वेशीला लागूनच होती. ती माझ्यापाशी आली. मी माझ्या माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमी शिकल्यालं. त्यो दिवा हिरवा कशानं झाला?"

"मला माहीत नाही, मावशी."

"न्हाई का?" ती म्हणाली. थोडा वेळ थांबली. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी बोललो नाही. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मिरजगावच्या वाटेला लागली. तिकडं रस्त्याला खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं.

आठ दिवसांनी परीक्षेचे कागद द्यायला मी नगरला गेलो. काम उरकल्यावर शांतवनला भेटायला गेलो. शांतवन माझा शाळेतला ख्रिस्ती वर्गमित्र. आम्ही एका बाकावर बसायचो. तो पुढं मुंबईला जाऊन गाड्यांमधल्या थंड हवेच्या यंत्राचं काम शिकून आला होता. नगरमध्ये तसल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळं एरवी तो फ्रीज दुरुस्त करी.

त्या दिवशी त्याच्या गॅरेजमध्ये एक लांबलचक विलायती मोटार उभी होती. दुष्काळात मदत घेऊन आलेल्या परदेशी लोकांची.

"ये रंगनाथ, आणि दार लावून घे," तो बॉनेटखालून म्हणाला. "वारा नको आत. हिची थंड हवा गेलीय. आतला गॅस कुठून तरी निसटतोय. नवा भरला तरी चार दिवसांत जाईल, म्हणून आधी गळतीची जागा शोधायची. साबणाचा फेस लावून पाहिला, पण भोक इतकं बारीक आहे की बुडबुडा दिसेना."

मी दार लावलं. आत अंधारलं. काडी ओढल्याचा आवाज झाला, स्पिरिटचा वास आला, आणि शांतवनच्या हातात निळी ज्योत पेटली. पितळी बूड, तांब्याची चकती, काळी रबरी नळी.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

नळीचं टोक तो सावकाश एकेका सांध्याखालून फिरवत होता. "हा गॅस हवेपेक्षा जड," तो आपल्याच नादात बोलत होता. "वर जात नाही, खाली सांडतो. म्हणून नळी नेहमी सांध्याच्या खाली धरायची. घाई केली की चुकलं." एक सांधा झाला, दुसरा झाला. ज्योत निळीच. मग कॉम्प्रेसरच्या मागं जाणाऱ्या नळाच्या जोडापाशी तो थांबला. ज्योतीच्या कडा हिरव्या झाल्या, आणि मग सगळीच ज्योत हिरवीगार पेटली.

"सापडली!" तो म्हणाला. "नळीतून हा गॅस आत ओढला गेला, की तापलेल्या तांब्यामुळं ज्योत हिरवी होते. मागं हो, तोंड जवळ आणू नकोस. हा गॅस जळला की विषारी धूर होतो. नाकात गेला तर खोकून खोकून जीव जाईल."

मी तिथल्याच एका टायरवर बसलो. "शांतवन," मी म्हणालो, "आमच्या गावात या दिव्यानं एका बाईला चेटकीण ठरवलं."

त्यानं ज्योत विझवली, दार उघडलं, आणि मी सगळं सांगेपर्यंत उभाच राहिला. मग विचारलं, "नळी धरलेल्या हाताची बाही लांब होती?"

"मनगटापर्यंत. भगवी कफनी."

"आणि काखेत झोळी?"

"होती."

"मग झालं. झोळीत फुटबॉलचा ब्लॅडर असणार, त्यात हा गॅस. बाहीतून बारीक नळी. ज्याच्यापुढं कोपर दाबलं, त्याच्यापुढं ज्योत हिरवी. वास नाही, रंग नाही, कोणाला काय कळणार?" त्यानं दिवा खाली ठेवला. "ती बाई कुठंय आता?"

"खडी फोडतेय."

"मी येतो तुझ्याबरोबर. पण बोलायचं तू. मी बोललो तर म्हणतील, मिशनवाला आमचा धर्म बुडवायला आला."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं आम्ही टाकळवाडीला आलो. तिन्हीसांजेला चावडी पुन्हा भरली होती. बाबा मधोमध. मी पोलीसपाटील गहिनीनाथांच्या कानात दोन शब्द सांगितले आणि पुढं झालो. शांतवननं आपला दिवा पेटवला तशी कुजबुज उठली. अगदी बाबासारखाच दिवा!

"हा दिवा नगरच्या गॅरेजमधला आहे," मी म्हणालो. "याच्या अंगात कुठलाही देव नाही. यानं मोटारीतली गळती शोधतात." मी नळी माझ्या पायाशी धरली, पाटलांच्या पायाशी धरली, मग सूर्यभानच्या घरी जाऊन लंकाबाईच्या वाकळेपाशी, तिच्या चुलीपाशी धरली. गाव मागं मागं येत होतं. ज्योत निळी ती निळीच.

"मिशनच्या दिव्याला करणी दिसत न्हाई!" चावडीत परतल्यावर शांतवनच्या गळ्यातल्या क्रूसाकडं बोट दाखवत बाबा ओरडला. "त्याला नाथांचा मंत्र लागतो!"

"मंत्राशिवाय किती दिसतं ते तर बघू," मी म्हणालो, आणि खाली बसून नळीचं टोक त्याच्या झोळीखाली नेलं.

ज्योत हिरवी झाली.

बाबा उठू लागला तसा गहिनीनाथ पाटलांनी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं आणि झोळीत हात घातला. आतून फुगलेला ब्लॅडर निघाला, त्याला जोडलेली बारीक नळी बाहीतून सरसर बाहेर आली.

"दाबला नव्हता तरी ज्योत बदलली," शांतवन हळूच मला म्हणाला. "हा गॅस रबरातून झिरपतो आणि झोळीत साचून राहतो."

पाटलांनी ब्लॅडर स्वतः दाबून पाहिला. ज्योत हिरवी. सोडला, निळी. दाबला, हिरवी. असं त्यांनी चार वेळा केलं, जणू त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता. मग लोक बाबावर धावले. पाटलांनी आणि मी मधे पडून त्याला चावडीच्या खोलीत कोंडलं. तिथं तो रडत रडत बोलला. पुण्यात फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात होता, तिथून दिवा आणि गॅसचे डबे घेऊन पळाला होता. सकाळी पाटील त्याला घेऊन कर्जतच्या पोलिसांकडं गेले.

त्या रात्री चावडी रिकामी झाली तरी सूर्यभान खांबापाशी बसून होता. "गुरुजी," तो म्हणाला, "उद्या माझ्यासंगं चला. एकल्याला जायाचं धाडस न्हाई."

मिरजगावच्या रस्त्यावर उन्हात दोन-अडीचशे माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती. लंकाबाई एका तरटाच्या सावलीत होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, खोकला अजून गेलेला नव्हता. सूर्यभान तिच्यापुढं मटकन बसला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आये, त्यो दिवा खोटा निघाला. लबाड हुता त्यो बाबा. घरी चल."

तिनं हातोडी खाली ठेवली. त्याच्या केसांतून हात फिरवला, अगदी लहान पोराच्या फिरवावा तसा. मग विचारलं, "दिवा खोटा निघाला म्हनून न्याया आलास. आन खरा निघाला आसता तर?"

सूर्यभाननं तिचे पाय आणखी घट्ट धरले.

"पस्तीस वर्सं तुझ्या म्होरं हाय मी," ती म्हणाली. "दिव्याला इचारलंस. मला न्हाई इचारलंस."

तो रडत राहिला, पण ती आली नाही. तिनं त्याच्यावर राग धरला असंही नाही. जाताना त्याला कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा अर्धा वाटा बांधून दिला. "छबूला म्हनावं, पानी उकळून पी." मी हात जोडले. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी घेऊन आलो होतो, गॅस, तांबं, ज्योत, सगळं. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आसंल," एवढंच म्हणाली.

पाऊस पडल्यावर काम थांबलं. लंकाबाई मिरजगावलाच एका खोपटात राहिली आणि तिथली बाळंतपणं करू लागली. पुढल्या वर्षी छबूबाईला दिवस गेले. नववा महिना लागला तशी ती कोणाला न विचारता बैलगाडीत बसून सासूकडं गेली. मुलगी झाली. लंकाबाईनं नाळ कापली, पाणी उकळून निववलं, नातीला न्हाऊमाखू घातलं, सव्वा महिना दोघींचं केलं. मग गाडी जुंपायला सांगितली आणि दोघींना त्यात बसवून दिलं. स्वतः बसली नाही. त्याच हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्यानं गेली. तिला अग्नी द्यायला सूर्यभान धावत गेला. पोचला तेव्हा चिता विझत आली होती.

टाकळवाडीची ती चार मुलं करणीनं गेली नव्हती, विहिरीतल्या घाण पाण्यानं गेली होती. बाबा गेल्यावर आम्ही तळाचा गाळ काढला, औषध टाकलं, आणि त्या उन्हाळ्यात पाचवं मूल दगावलं नाही. हे काम आधीही करता आलं असतं. सांगणारी गावातच होती.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. त्या हिरव्या ज्योतीनं फक्त इतकंच सांगितलं होतं की हवेत एक वायू मिसळला आहे. लंकाबाई चेटकीण आहे, असं ज्योत म्हणाली नव्हती. ते आम्ही म्हणालो. डोळ्यांना दिसलेलं आणि मनानं जोडलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एखादी गोष्ट उलगडली नाही तर "मला कळलं नाही, पण म्हणून ही बाई दोषी ठरत नाही," असं चारचौघांत उभं राहून म्हणा. त्यासाठी नगरला जाऊन दिवा आणावा लागत नाही. मी ते त्या सकाळी, तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता तेव्हाच, म्हणायला हवं होतं.