चादरीवाल्यांचा वाटा

आमच्या पप्पांना मोबाईल कळत नाही, बँकेचा फॉर्म कळत नाही आणि आईचं मन तर मुळीच कळत नाही. पण टीप कळते. जालन्याच्या स्टँडजवळच्या एका लॉजवर त्यांनी सव्वीस वर्षं रूमबॉय म्हणून काढली. लोखंडाचे दलाल, बियाणं कंपन्यांचे साहेब, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार. कोण किती देणार हे ते बॅग उचलतानाच ओळखायचे. बॅग जड आणि बूट जुने, तर माणूस दिलदार, असा त्यांचा ठोकताळा.

आजोबांनी गावची येसकरकी, वेशीवरची ती वतनी चाकरी, सोडली होती, दारोदारची भाकर सोडली होती. पोरगा बक्षिसी घेतो म्हणून ते पप्पांवर कायम नाराज असायचे. पप्पांचं उत्तर ठरलेलं, "मागून न्हाई घेत, कमवून घेतो." संध्याकाळी ओट्यावर बसून ते दिवसभराच्या टिपांच्या गोष्टी अशा सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस लढाई मारून आलाय.

त्याच लॉजच्या मागच्या अंगणात आई चादरी धुवायची. तीही सव्वीस वर्षं. पण तिच्या गोष्टी नव्हत्या. चादरीची काय गोष्ट सांगणार? कुणी विचारलंच तर पप्पा म्हणायचे, "ती घरीच असती." माझ्या सोयरिकीच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, तेव्हाही हेच. आई पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात उभी होती. सोड्याने तिच्या बोटांची सालं गेलेली होती आणि ती ऐकत होती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, त्याची लाज मला अजून वाटते.

यंदा त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी आणि माझा भाऊ नागसेन, आम्ही दोघांनी मिळून त्यांना मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजावर चार रात्रींसाठी पाठवायचं ठरवलं. तिकिटं गल्लीतल्या बबलूने काढली. तो ट्रॅव्हल्सवाला खरा, पण तोवर त्याने राजूरच्या गणपतीपलीकडे फारसं कुणाला नेलेलं नव्हतं, त्यामुळे जहाजाचं नाव घेतानासुद्धा त्याची छाती फुगायची. मी जालन्यातच दोन गल्ल्या सोडून राहते. गुरुवारी संध्याकाळी माहेरी गेले होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई, जयभीम. एक राह्यलं. ग्रॅच्युइटी आत्ताच भरायची का जहाजावर द्यायची? शनिवारी सहापर्यंत सांगा."

फोन स्पीकरवर होता. "ग्रॅच्युइटी?" पप्पा उसळले. "ती लॉजच्या सेठनं मलाच न्हाई दिली सव्वीस वर्षांची. मी काहून देऊ?"

"अंकल, तशी न्हाई. टीप. तिथं काम करणाऱ्यांची."

"मंग तसं सांग ना!" पप्पा खुर्चीत सरसावून बसले. आता विषय त्यांचा होता. "आधी बिलकुल भरायची न्हाई. पहिल्या दिवशी अर्धी द्यायची, जाताना अर्धी. मंग मधले दिवस पोरगं कसं पळत येतं बघ. आधीच देऊन बसलं तर कोण पळणार?"

दुसऱ्या दिवशी ते बँकेतून शंभराच्या कोऱ्या नोटा घेऊन आले. नोटेची घडी कशी घालायची, ती तळहातात कशी दडवायची, समोरच्याचा हात हातात घेताना कशी सरकवायची, याचा त्यांनी आरशासमोर सराव केला. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं. सव्वीस वर्षं त्यांचा हात घेणाऱ्याचा होता. आता एकदा त्यांना देणाऱ्याचा हात व्हायचं होतं. म्हणून मी त्यांना अडवलं नाही.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, "सुमे, तिथं चादरी कोण धुतं?"

"मशिनी धुतात," पप्पा म्हणाले.

"मशिनीत टाकतं कोण?"

 मी बबलूला फोन लावला. त्याने कंपनीत विचारून तासाभराने कळवलं. आधी भरलेली टीप सगळ्यांत वाटतात. खोलीवाले, वाढपी, तळमजल्यावर भांडी घासणारे, चादरी धुणारे, सगळे आले त्यात. हातात दिलेली मात्र ज्याच्या हातात पडली त्याची.

"मंग आधी भरा," आई म्हणाली.

"तुला काय कळतं टिपंतलं?" पप्पा चिडले. "जिंदगीत एक रुपया तरी टीप घेतली का तू?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. आईने सुरी खाली ठेवली.

"घेतली न्हाई. पण एकदा मिळाली व्हती. सुमी दहावीला व्हती तव्हा. बियाणं कंपनीचे एक साहेब आल्ते, आठ दिवस राह्यले. जाताना मागच्या दारानं गाडीकडं आले आन् मला म्हणले, बाई, तुमच्या चादरी लई स्वच्छ, घरच्यापेक्षा इथं झोप चांगली लागली. तुमच्यासाठी पन्नास रुपये त्या रूमबॉयपाशी दिलेत."

पप्पांच्या हातातली नोट अर्धवट घडीत तशीच राहिली.

"म्या संध्याकाळपर्यंत वाट पाह्यली. तुम्ही जिलबी घेऊन आल्ते. ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, साहेबानं आज मला पन्नासची टीप दिली. म्याबी जिलबी खाल्ली."

ती जिलबी मलाही आठवत होती. दोन कडी मी हट्टाने जास्त मागून घेतली होती.

"अगं, पण पैसे घरातच आले ना?" पप्पा कसेबसे म्हणाले.

"घरात आले. माझ्यापर्यंत न्हाई आले."

 आई आता थांबणार नव्हती. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

"तुम्हाला म्या एकच गोष्ट मागितली व्हती. चादरीला डाग पडला असंल तर त्या कोपऱ्याला गाठ मारून टाका. मंग मला सगळ्या चादरी उलगडून डाग हुडकत बसावं लागत न्हाई. बाकीची पोरं मारायची. तुम्ही एकदा न्हाई मारली."

"गाठ मारत बसलं की गिऱ्हाईक जिन्यावरून निघून जायचं," पप्पा म्हणाले, पण आवाज एवढा बारीक की स्वतःलाच ऐकू आला असेल.

"तेच सांगून राह्यले मी. पुढं उभा राहणाऱ्याच्या हातात पडतं, मागं राबणाऱ्याला कुणी पाहत न्हाई. तिथंबी तसंच करायचं असंल तर तुम्ही एकटे जा. मला त्या चादरीवर झोप यायची न्हाई."

आई कधी धमकी देत नाही. ती सांगते, आणि मग तसंच करते. तिने बांधत आणलेली बॅग उघडली आणि त्यातलं नवं लुगडं काढून परत कपाटात ठेवलं. मी नागसेनला फोन करून म्हटलं, जहाज बहुतेक आपल्या घरातच बुडणार.

शनिवारी पप्पा दिवसभर ओट्यावर बसून होते. येणारे-जाणारे थबकत होते, काही खबरबात आहे का म्हणून विचारत होते. पप्पा मान हलवत होते. गोष्टीवेल्हाळ माणूस गप्प बसला की गल्लीलाही चैन पडत नाही. पावणेसहाला ते आत आले, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बबलूला लावून दे."

मी लावून दिला.

"आधीच भर. दोघांचीबी. आन् कंपनीला बराबर इचार, चादरीवाल्यांना वाटा पोचतो का न्हाई. पोचत नसंल तर मला सांग, मी मंग तिथं जाऊन पाह्यतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. जरा वेळाने आतून हाक आली, "चहा घेता का?" आदल्या संध्याकाळनंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

सहल करून ते परतले त्याच दिवशी कुंभार पिंपळगावहून माझे सासरे कारभारी आणि सासूबाई चांगुणाबाई मुद्दाम आले. आमच्या दोन्ही घरांत समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं, मग त्यावर राहून आलेलं कुठलं? ओट्यावर सतरंजी अंथरली. पप्पांनी स्टेशनसमोरून आणलेला जिलबीचा पुडा आधी आईच्या हातात दिला आणि मग घसा साफ केला. मला वाटलं, आता जहाजावरच्या टिपांची गोष्ट येणार.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," पप्पा म्हणाले, "माझ्या हातून चादरीवर चहा सांडला."

"पस्तीस वर्षांत ह्यांच्या हातून चहाचा थेंब सांडल्याला म्या पाह्यला न्हाई," आई म्हणाली.

"जहाज हललं!"

"तव्हा वाटंतल्या बंदरात उभं व्हतं."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पप्पा लाल झाले, पण थांबले नाहीत. "मंग मी ती चादर काढली आन् डागाच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवली."

मी आईकडे पाहिलं. ती पुड्याचा दोरा सोडवत होती.

"घट्ट मारल्ती," ती म्हणाली. "गाठ सैल मारायची असती, वल्ल्या हातानं सुटली पाह्यजे. म्या दाखवली मंग."

"बराबर. मंग सोडून परत सैल मारली. तिसऱ्या दिवशी खोलीतलं पोरगं आलं. म्हणे, खाली धुलाईवाले पूछ रहे, गाँठ कौन मारा? उनका उस्ताद बोला, ये तो अपनी लाइन का आदमी है. संध्याकाळी आम्ही वर चहाला बसल्तो, तिथं तो उस्ताद सोता आला. साठीचा माणूस, कोकणातला. मला नमस्कार करायला लागला. म्या म्हणलं, मला न्हाई भाऊ, हिला कर. त्यानं हिचे हात पाह्यले, सालं गेलेली बोटं पाह्यली, आन् सगळ्या लोकांसमोर वाकून नमस्कार केला. साहेब लोक चहा सोडून बघत व्हते! सव्वीस वर्षांत मला कुणी असा नमस्कार न्हाई केला."

 मग पप्पा सासऱ्यांकडे वळले.

"कारभारी, सोयरिकीच्या टायमाला तुम्ही मला एक इचारल्तं. म्या खोटं बोललो. ही घरी नव्हती कधी. माझ्या टिपांच्या गोष्टी लई झाल्या, पण त्या लॉजला गिऱ्हाईक परत परत यायचं ते हिच्या चादरींमुळं. सव्वीस वर्षं. रोजच्या तीस चादरी धुतल्या हिनं."

सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. पप्पांच्या तोंडून मात्र आम्ही पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. आई ताठ बसली. एवढी ताठ बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"चाळीस," ती म्हणाली. "आन् लग्नसराईत साठ."

मग तिने पुडा उघडला, आणि कुणाला द्यायच्या आधी पहिली जिलबी स्वतः खाल्ली.